भाकर मोडण्यापूर्वींचें स्तुतिवचन

(शास्त्रपाठ : अनुवाद ८:७-१८; मार्क ६:३५-४४; रोमकरांस १४ वा अध्याय)

पांच भाकरी व दोन मासे यांची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. प्रभु येशूनें भाकरी हातीं घेतल्या, वर आकाशाकडे पाहिलें, आशीर्वाद उच्चारला, भाकरी मोडल्या आणि लोकांस वाढण्याकरितां शिष्यांजवळ दिल्या. शेवटल्या भोजनाच्या रात्रीं त्यानें असेंच केलें; आणि अम्माऊस गांवीं त्या दोघां शिष्यांनीं त्याला ओळखिलें तें याच कृतीवरून. परंतु त्या वेळीं त्याच्या मुखांतून कोणते शब्द निघाले हें चारी शुभवर्तमानकारांपैकीं एकानेंहि लिहून ठेविलें नाहीं. तें लिहिण्याची त्यांस गरजच वाटली नसावी. यहूदी घरांत भाकर मोडण्यापूर्वीं काय म्हणावयाचें हें पोराबाळांसहि माहीत होतें.

इ. स. २०० च्या सुमारास यहूदी गुरूंचे निर्णय एकत्र करून मिश्ना नांवाचा ग्रंथ तयार झाला. त्यांत हें वचन आढळतें, व तें तेव्हांहि जुनेंच होतें. आज यरुशलेमांत, न्यूयॉर्कांत किंवा आपल्या अलिबागेस कोणी यहूदी गृहस्थ जेवावयास बसतो तेव्हां तो हेंच वचन म्हणतो. प्रभूनेंहि बहुधा हेंच म्हटलें असावें. त्याचा आशय अगदीं थोडका आहे : जगाचा राजा जो आपला देव परमेश्वर, जो भूमींतून भाकर काढितो, तो धन्य होय. बस्स, इतकेंच. भाकरीवर कृपा उतरावी अशी विनंती त्यांत नाहीं. भाकरीविषयीं काय तें एवढेंच कीं ती कोठून आली.

आपल्या मराठींत आशीर्वाद हा वरून खालीं येतो. आजोबा नातवाला देतात, गुरु शिष्याला देतो. म्हणून 'येशूनें भाकरीला आशीर्वाद दिला' असें वाचतांना आपल्या मनांत सहज येतें कीं त्या भाकरींत त्यानें कांहीं शक्ति घातली. इब्री भाषेंतील 'बराखा' हा शब्द दोन्ही दिशांनीं चालतो. देव मनुष्याला देतो ती बराखा, आणि मनुष्य देवाला धन्य म्हणतो तीहि बराखाच. जेवणापूर्वींची बराखा ही खालून वर जाते. योहानानें आपल्या सहाव्या अध्यायांत हीच गोष्ट सांगतांना प्रभूनें उपकार मानले असें लिहिलें आहे, तें याच अर्थानें. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. पेरणीच्या दिवसांत कोणी पाळकापुढें बियाण्याची टोपली आणून ठेवितो, कोणी दुखणेकऱ्यासाठीं तेलाची वाटी आणितो, आणि पाळकानें वर हात धरून चार शब्द पुटपुटले म्हणजे काम झालें असें मानून घरीं जातो. अशा वेळीं प्रार्थना अवश्य करावी. पण पाळकाचे शब्द हा मंत्र नव्हे, आणि ज्या यहूदी पद्धतींतून आपली भोजनाची प्रार्थना आली तिच्यांत मंत्राला जागा नव्हती, हें त्या मनुष्यास समजावून सांगणें जरूर आहे.

आतां या स्तुतिवचनांचे नियम पाहूं. ते बारीक आहेत. परंतु त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे ती जेवणानंतरच्या उपकारस्तुतीची. अनुवाद ८:१० मध्यें खाऊन तृप्त झाल्यावर परमेश्वराला धन्य म्हणावें असें सांगितलें आहे. जेवणापूर्वींचें वचन गुरूंनीं पुढें विचारानें ठरविलें. त्यांचा युक्तिवाद असा कीं पोट भरल्यावर जर देवाचे आभार मानावयाचे तर भुकेल्यापोटीं अन्न समोर आलें असतां ते अधिकच मानिले पाहिजेत. आपलें उलट झालें आहे. आपण आधीं प्रार्थना करितों, आणि जेवण झालें कीं हात धुऊन उठतों. भुकेला मनुष्य देवाची आठवण करितो यांत नवल तें काय? त्याच अध्यायांत पुढें मोशे जी भीति बोलून दाखवितो ती भुकेल्याविषयीं नाहींच. चांगलीं घरें बांधून राहिलेल्या, गुरेंढोरें व सोनेंरुपें वाढलेल्या, पोट भरलेल्या मनुष्याविषयीं आहे. तो म्हणेल कीं हें सर्व मीं माझ्या हातांच्या बळानें मिळविलें. म्हणून आज्ञा त्या क्षणाची आहे, ज्या क्षणीं विसर पडण्याचा संभव अधिक.

जेवणानंतरच्या या उपकारस्तुतीचे चार भाग आहेत. पहिल्यांत सर्व प्राण्यांस अन्न देणाऱ्या देवाची स्तुति, दुसऱ्यांत वतनाच्या देशाबद्दल, तिसऱ्यांत यरुशलेमाकरितां प्रार्थना. चवथा भाग कसा आला हें ऐकण्यासारखें आहे. रोमी सत्तेविरुद्ध यहूद्यांनीं केलेलें शेवटलें मोठें बंड इ. स. १३५ सालीं बेथेर या किल्ल्याच्या पाडावानें संपलें. कत्तल झालेल्यांचीं प्रेतें पुरण्याची मनाई होती. पुढें कांहीं काळानें ती परवानगी मिळाली. आणि तालमूद सांगतो कीं त्याच दिवशीं याब्ने येथील गुरूंनीं, देव चांगला आहे व तो चांगलें करितो, या आशयाचा चवथा भाग जोडिला. आपलीं माणसें मारलीं गेलीं याविषयीं तेथें एक अक्षर नाहीं. त्यांस माती देतां आली याबद्दल उपकार आहेत. ज्या लोकांनीं आपल्या सर्वांत मोठ्या पराभवानंतर रोजच्या जेवणाच्या प्रार्थनेंत हें घातलें, त्यांच्या धर्माला कोरडा विधि म्हणण्यापूर्वीं आपण जरा थांबावें.

जेवणापूर्वींच्या वचनाचें कारण तालमूदांत आणखी एका रीतीनें सांगितलें आहे. स्तोत्र २४ मध्यें पृथ्वी व तिच्यांतील सर्व कांहीं परमेश्वराचें असें म्हटलें आहे; स्तोत्र ११५ मध्यें पृथ्वी त्यानें मनुष्यांस दिली असें म्हटलें आहे. मग खरें कोणतें? गुरु उत्तर देतात : दोन्ही खरीं, पहिलें स्तुतिवचन म्हणण्यापूर्वींचें, दुसरें म्हटल्यानंतरचें. स्तुति केल्याशिवाय जो खातो तो देवाच्या भांडारांतलें न विचारतां घेतो. आपल्या खेड्यांतील कोणाहि शेतकऱ्याला हें पटेल. परक्याच्या मळ्यांतील कणीस विचारून घेतलें तर ती देणगी, न विचारतां घेतलें तर चोरी. कणीस मात्र तेंच.

वचन सर्व पदार्थांस एक नाहीं. भाकरीचें निराळें, द्राक्षारसाचें निराळें, झाडाच्या फळाचें निराळें, भूमीच्या उपजाचें निराळें. आणि मांस, मासे, दूध, अंडीं, पाणी हीं जीं भूमींतून उगवत नाहींत त्यांस एक सर्वसाधारण वचन, कीं सर्व कांहीं त्याच्या शब्दानें झालें. आंबा खातांना झाडाच्या फळाचें वचन म्हणावें. पण केळें खातांना भूमीच्या उपजाचें. असें कां? तर केळीचा घड एकदां उतरविला कीं तो खुंट संपला. पुढल्या वर्षीं त्याच खोडाला फळ धरत नाहीं, मुळांतून नवा कोंब यावा लागतो. म्हणून ती झाड नव्हे. आपल्या बागाईतदारांस हें रब्बींनीं शिकवावयास नको. परंतु खाणाऱ्यांपैकीं किती जण खातांना त्याचा विचार करितात?

भाकरीचें वचन पांच धान्यांच्या भाकरीवरच म्हणावयाचें असतें : गहूं, जव, आणि गव्हा-जवाच्या जातीचीं आणखी तीन, ज्यांत ओट व राय हीं येतात. योहानानें लिहिल्याप्रमाणें त्या मुलाजवळच्या पांच भाकरी जवाच्या होत्या. तेव्हां तेथें तें वचन बरोबर लागू पडतें. आपली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी यांत बसत नाहीं, तिच्यावर दुसरें वचन म्हणावें लागतें. भाताविषयीं तालमूदांत वाद आहे, आणि शेवटीं असें ठरलें कीं खाण्यापूर्वीं पोटभरीच्या अन्नाचें वचन म्हणावें, परंतु नंतरची मोठी उपकारस्तुति मात्र केवळ भातावर नको. हें वाचून कोणी हंसेल आणि म्हणेल, देवाला ज्वारी काय आणि गहूं काय! देवाला भेद नाहीं हें खरेंच. भेद खाणाऱ्यासाठीं आहे. कोणतें वचन म्हणावें हें ठरविण्यासाठीं त्याला क्षणभर ताटाकडे पाहून विचारावें लागतें : हें काय आहे? हें कोठें उगवलें? कोणत्या धान्याचें आहे? आपण एकच ठरीव प्रार्थना डोळे मिटून घाईघाईनें म्हणतों, आणि डोळे उघडल्यावर ताटांत काय आहे तें प्रथम पाहतों.

स्तुतिवचनें ताटापुरतीं नाहींत. मेघांचा गडगडाट ऐकला, वसंतांत फळझाडांस मोहोर आलेला पाहिला, नवें वस्त्र नेसलें, तर त्या त्या प्रसंगाचें वचन आहे. शौचाहून आल्यावर म्हणावयाचेंहि एक आहे. त्यांत शरीरांतील मार्ग व नाड्या देवानें शहाणपणानें केल्या, त्यांतील एक बंद झाली किंवा फुटली तर मनुष्य उभा राहूं शकणार नाहीं, असा आशय आहे. ज्यानें एखाद्या आजाऱ्याची लघवी अडलेली पाहिली आहे त्याला यांत हंसण्यासारखें कांहीं दिसणार नाहीं. आणि मृत्यूची वार्ता आली असतांहि वचन आहे : देव हा सत्य न्यायाधीश होय. चांगल्याबद्दल जसें तसेंच वाईटाबद्दलहि देवाला धन्य म्हणणें मनुष्यावर बंधनकारक आहे असें मिश्ना सांगतो. ईयोबाच्या पहिल्या अध्यायाशीं हें ताडून पाहावें. दुसऱ्या शतकांतील रब्बी मेईर म्हणत कीं मनुष्यानें रोज शंभर स्तुतिवचनें म्हणावीं. सर्व काळ आनंद करा व प्रत्येक गोष्टींत उपकारस्तुति करा असें पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, तें ऐकून अशा घरांत वाढलेल्या मनुष्याला तें केवळ अलंकारिक बोलणें वाटलें नसेल.

आतां खाण्यापिण्याच्या नियमांकडे वळूं. लेवीय ११ व अनुवाद १४ हे अध्याय वाचकांनीं पाहावे. येथें विस्तार करीत नाहीं. दुभंगलेल्या खुराचें व रवंथ करणारें जनावर चालतें, दोहोंपैकीं एक नसेल तर नाहीं. पाण्यांतलें पंख व खवले असलेलें चालतें. रक्त सर्वथा वर्ज्य. म्हणून जनावर विशिष्ट रीतीनें धारदार सुरीनें कापतात, मांस अर्धा तास पाण्यांत ठेवितात, तासभर मीठ लावून रक्त निथळूं देतात, आणि पुनः धुतात. करडूं आईच्या दुधांत शिजवूं नये ही आज्ञा पंचग्रंथांत तीनदां आली आहे. तीवरून मांस व दूध एकत्र शिजवूं नये, खाऊं नये, भांडींहि वेगळीं असावीं, असा नियम झाला. मांस खाल्ल्यावर दूध घेण्यापूर्वीं बहुतेक जण सहा तास थांबतात, कांहीं देशांत याहून कमी.

या नियमांचा आपल्या महाराष्ट्राशीं एक खरा संबंध आहे. कोंकणांत अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूस बेने इस्राएल लोक शेंकडों वर्षें राहिले. त्यांची परंपरा अशी कीं नौगांवजवळ त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें व सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पोथ्या समुद्रांत गेल्या, भाषा गेली. ते मराठी बोलूं लागले, गांवांवरून आडनांवें घेतलीं, तेलाच्या घाण्याचा धंदा केला, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. पुढें दावीद रहाबी नांवाचा एक यहूदी गृहस्थ त्यांच्यांत आला. हे खरोखर आपले भाऊ आहेत काय याची परीक्षा करण्यासाठीं त्यानें तेथील बायांपुढें निरनिराळे मासे ठेविले. त्यांनीं पंख व खवले असलेले मासे निवडून वेगळे केले व हेच आम्ही खातों असें सांगितलें, अशी गोष्ट आहे. ग्रंथ नव्हता, रब्बी नव्हता. परंतु चुलीपाशीं बसणाऱ्या बायांनीं लेवीयाचा अकरावा अध्याय सांभाळून ठेविला होता. कोळंबी, खेकडे व तिसऱ्या ज्या किनाऱ्यावर गरिबाचें कालवण आहे, त्या किनाऱ्यावर त्यांनीं हें केलें! प्रार्थनांपैकीं त्यांस एक 'शमा' तेवढी आठवत होती, म्हणजे अनुवाद ६:४ मधील, परमेश्वर एकच आहे ही साक्ष. सुंता असो, लग्न असो कीं मरण असो, ते तीच म्हणत.

त्यांच्या स्वयंपाकांत मांसाला दहीं किंवा तूप लागत नाहीं. नारळाचा रस घालतात. यावरून एक बारीक प्रश्न निघतो. नारळाचा किंवा बदामाचा रस दिसावयास दुधासारखाच. पाहणारा म्हणेल, हा यहूदी असून मांस व दूध एकत्र खातो! पोलंडांतील क्राकोव्ह येथील रब्बी मोशे इस्सर्लेस (सोळावें शतक) यांनीं लिहिलें आहे कीं मांसाबरोबर बदामाचें दूध वापरावयाचें तर ताटाजवळ थोडे बदाम ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होणार नाहीं. खाणारा निर्दोष आहेच. परंतु केवळ निर्दोष असणें पुरेसें नाहीं, शेजाऱ्याच्या मनांत आपल्यामुळें अडखळण येऊं नये.

पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत हाच विचार मांडितो. मूर्ति कांहींच नाहीं हें ज्याला ठाऊक आहे त्याला बाजारांतील मांस विचारपूस न करितां खाण्याची मोकळीक आहे. पण कोणी सांगितलें कीं हें मूर्तीपुढें अर्पिलेलें आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठीं खाऊं नये. आपल्या मंडळ्यांत जत्रेच्या दिवसांत शेजारी प्रेमानें वाटा आणून देतो तेव्हां हा प्रश्न दर वर्षीं उभा राहतो, आणि त्यावरून भाऊ भावावर रागावतो. एक म्हणतो, मला माहीत आहे कीं मूर्ति दगड आहे, मग खाल्लें तर काय बिघडलें? त्याचें ज्ञान बरोबर आहे. पण नुकताच बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य त्याच्या शेजारीं बसला आहे, व त्याला तें ज्ञान अजून पचलेलें नाहीं. ताटाजवळ बदाम ठेवणाऱ्यास जें समजलें तें आपल्या ज्ञात्या भावाला समजूं नये काय?

मग हे नियम आपणांवर बंधनकारक आहेत काय? कोणी खेड्यांत येऊन आपल्या लोकांस सांगतात कीं लेवीय अकरावा पाळल्याशिवाय तारण पुरें होत नाहीं. याला मार्क सातव्या अध्यायांत प्रभूनें स्वतः उत्तर दिलें आहे : बाहेरून पोटांत जातें तें मनुष्याला भ्रष्ट करीत नाहीं, अंतःकरणांतून निघतें तें करितें. पेत्राचा दृष्टान्त प्रेषितांचीं कृत्यें १० मध्यें आहे. तेथें एक गोष्ट बहुधा सुटते. पेत्र कर्नेल्याच्या घरीं गेल्यावर त्या दृष्टान्ताचा अर्थ सांगतो तो डुकराविषयीं नाहीं; कोणाहि मनुष्याला अशुद्ध म्हणूं नये असें देवानें मला दाखविलें, असें तो म्हणतो. अन्नाची भिंत पडली ती माणसें एका पंक्तीस बसावीं म्हणून. जी मंडळी खाण्याच्या मोकळिकीचा अभिमान बाळगिते पण जातीवरून दोन पंक्ती मांडिते, तिनें दृष्टान्तांतील चादर पाहिली, पण कर्नेल्याचा उंबरठा ओलांडिला नाहीं.

यरुशलेमाच्या सभेनें (कृत्यें १५) परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर सुंतेचें ओझें घातलें नाहीं. परंतु मूर्तीचे नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलें व जारकर्म यांपासून दूर राहावें असें लिहिलें. यावरून रक्ती खावी कीं न खावी असें पुष्कळ ठिकाणीं विचारतात. पुरातन मंडळीनें हा निर्णय शेंकडों वर्षें अक्षरशः पाळला, पूर्वेकडील कांहीं मंडळ्या अजून पाळितात. आपल्या सुधारलेल्या मंडळ्यांनीं जारकर्माची मनाई सर्वकाळची व बाकीचें त्या काळीं यहूदी व परराष्ट्रीय भावांनीं एकत्र जेवावें म्हणून असें मानिलें. मला हें दुसरें मत बरोबर वाटतें. तरी ज्याचें मन रक्ती खावयास घेत नाहीं त्याला दुर्बल म्हणून चिडवूं नये. रोमकरांस १४ मध्यें पौलानें खाणाऱ्याला न खाणाऱ्याचा तिरस्कार करण्याची जितकी मनाई केली आहे, तितकीच न खाणाऱ्याला खाणाऱ्याचा न्याय करण्याची केली आहे.

उपदेश करितांना आपण एक अन्याय वारंवार करितों, तोहि येथें सांगणें भाग आहे. वाळलेल्या हाताच्या मनुष्याची गोष्ट सांगतांना, यहूदी लोक शब्बाथ दिवशीं मनुष्याला मरूं देतील पण औषध देणार नाहींत, असें म्हणण्याची चाल आहे. हें खोटें आहे. मिश्नांत स्पष्ट आहे कीं जिवाला धोका असल्याची नुसती शंका असली तरी शब्बाथाचा नियम बाजूला ठेवावा. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या कडक उपासांतहि आजाऱ्याला वैद्याच्या सांगण्यावरून खाऊं घालावें. लेवीय १८:५ मध्यें हे नियम पाळून मनुष्य जगेल असें आहे. त्यांनीं मरावें असें नाहीं, असा गुरूंचा अर्थ. वाद होता तो निराळा. वाळलेला हात किंवा अठरा वर्षांचें वांकलेलें शरीर उद्यांपर्यंत थांबूं शकतें, मग आजच कां? लूक १३ मधील सभास्थानाचा अधिकारी हेंच म्हणतो. प्रभूचें उत्तर असें कीं जिला सैतानानें इतकीं वर्षें बांधून ठेविलें तिला सोडण्याला शब्बाथासारखा दुसरा योग्य दिवस नाहीं. विरोधकाचें म्हणणें खरें सांगितलें म्हणजे प्रभूचें उत्तर अधिकच तेजस्वी दिसतें. त्याला राक्षस बनविण्याची गरज नाहीं. अशा राक्षसी चित्रांनीं यूरोपांतील ख्रिस्ती देशांत यहूद्यांचें किती रक्त सांडलें, आणि १९४१ ते १९४५ या वर्षांत त्याचा शेवट कशांत झाला, हें आज सर्व जगाला ठाऊक आहे.

सणांविषयीं थोडें. बेने इस्राएलांनीं इब्री नांवें विसरल्यावर आपल्या सणांस मराठी नांवें दिलीं : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरडियाचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण. त्या दिवशीं पांढरीं वस्त्रें नेसून, दारें लावून, उपाशी राहून ते घरांत बसत. वल्हांडणाला ते अनाशी ढाकाचा सण म्हणत, म्हणजे आंबलेल्या रसाचें भांडें झाकून ठेवण्याचा. खमीर काढून टाकण्याची आज्ञा निर्गम १२ मध्यें आहे. आज्ञेचे शब्द हरवले, कारण हरवलें, पण झांकण पडत राहिलें!

त्यांस तें कारण पुनः कळण्यास आपल्या पूर्वींच्या मिशनरींचा कांहीं हातभार लागला. अमेरिकन मिशननें कोंकणांत त्यांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून इब्री भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, आणि जुना करार मराठींत वाचावयास मिळाला. त्यांतून ख्रिस्ती झाले ते अगदीं थोडे. बहुतेक जण अधिक चांगले यहूदी झाले. कांहीं जण याला मिशनचें अपयश म्हणतात. देवाचें वचन ज्याचें त्याच्या हातीं परत दिलें, याला अपयश म्हणण्यास मी धजत नाहीं.

वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचें हगादा नांवाचें पुस्तक १८७४ सालीं पुण्यास मराठी भाषांतरासह छापलें गेलें. त्यांतील चित्रांत साड्या नेसलेल्या बाया खालीं बसून बेखमीर भाकरी करीत आहेत. पीठ पाण्यांत भिजविल्यापासून अठरा मिनिटांच्या आंत ती भाकर भाजली गेली पाहिजे, नाहींतर खमीर धरलें असें समजतात. उत्तर यूरोपांतील यहूदी त्या आठवड्यांत भातहि वर्ज्य मानितात. स्पेनकडून आलेल्यांची पद्धत तशी नाहीं, ते भात खातात. त्या रात्रीं घरांतील सर्वांत लहान मुलानें विचारावयाचें असतें, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी कां? आणि बापानें मिसर देशांतील दास्यापासून सर्व हकीकत सांगावयाची. निर्गम १२:२६ मध्यें हा प्रश्न आधींच योजिलेला आहे. आपल्या मंडळींत प्रभुभोजनाच्या दिवशीं मुलांस बाहेर खेळावयास पाठवितात. तीं भोजनांत भाग न घेतील तर न घेवोत. पण त्यांनीं पाहावें व विचारावें अशी तजवीज आपण कां करूं नये?

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल लोक इस्राएल देशांत जाऊन राहिले. आज मुंबई, ठाणें, पुणें व कोंकणांत मिळून ते थोडेच उरले आहेत. त्यांच्यापैकीं कोणी कधीं आपल्या घरीं येईल तर त्याच्यापुढें काय ठेवावें? सर्वच जण सारख्याच कडकपणें नियम पाळीत नाहींत, म्हणून मोकळेपणानें त्यालाच विचारावें; यांत त्याचा अपमान नाहीं. आपल्या हांडींतील मटणाचा आग्रह करूं नये, आणि 'आतां तुमचे ते नियम राहिले नाहींत' असा उपदेश ताटावर तर मुळींच करूं नये. शहाळें, अखंड फळें, कोरा चहा यांस बहुधा हरकत नसते. त्यानें केळें सोलून हातीं घेतलें आणि तोंडांत घालण्यापूर्वीं क्षणभर थांबून हळूच कांहीं इब्री शब्द म्हटले, तर आपलें बोलणें थांबवावें. ते शब्द भूमीचें फळ उत्पन्न करणाऱ्याच्या स्तुतीचे असतात. ते संपल्यावर आपण 'आमेन' म्हणावें. तो शब्द आपण त्याच्याच भाषेंतून घेतला आहे, आणि त्याचा अर्थ सांगण्याची त्याला गरज पडणार नाहीं.